पंपाला झोन मिळाला म्हणून आवारातल्या दुकानालाही मिळाला असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पेडणे तालुक्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ ला लागून तुमची वडिलोपार्जित २,८०० चौरस मीटर जागा आहे. दर्शनी बाजू ४२ मीटर. पुढे सपाट, मध्ये काजू, मागे उतार आणि उताराखाली भातशेती. तेल कंपनीचा अधिकारी जागा पाहून ‘चालेल’ म्हणून गेला. सरपंच ओळखीचे आहेत, ते ना हरकत द्यायला तयार आहेत. तुम्हाला पंपाबरोबर एक स्टोअर, कॅफे, गाड्या धुण्याचं सेंटर, पीयूसी, इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग आणि जमलं तर एक बार असं सगळं उभं करायचं आहे. पंपाला परवानगी मिळाली की बाकीचं त्याच कागदावर बसतं का, हे तुम्ही विचारलंय.

नाही बसत. म्हापशात बसून सव्वीस वर्षं बांधकामाच्या आणि पंपाच्या फायली करतोय. माझ्याकडे आलेल्या अडकलेल्या फायलींत पंप अडला अशा थोड्या आणि पंपाशेजारची खोली अडली अशा जास्त. त्यातून कधी कधी खोलीपायी पंपही अडतो, कारण तक्रार खोलीबद्दल येते आणि तपासणी सगळ्या आवाराची होते.

आधी झोन. गोव्यात हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. तुम्ही एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, पाठवलात, त्यात क्षेत्र ‘गार्डन’च्या रकान्यात दाखवलंय. ड्राय क्रॉप, गार्डन, राईस, खाजन, केर, मोरड हे रकाने महसुलाचे. जमिनीत काय पिकत होतं ते त्यावरून कळतं, तिथे काय बांधता येईल ते कळत नाही. बांधायचं काय, हे नगर नियोजन खात्याच्या आराखड्यावरून ठरतं. तुमच्या गावाला प्रादेशिक आराखडा २०२१ लागू आहे. म्हापसा, पणजी, मडगाव, वास्को यांसारख्या नियोजन क्षेत्रांत पीडीएचा, म्हणजे नियोजन आणि विकास प्राधिकरणाचा, ओडीपी हा विकास आराखडा लागू असतो. ‘उताऱ्यावर बागायत आहे म्हणजे काही होणार नाही’ असं म्हणून हातची जागा सोडणारे मी पाहिलेत, आणि ‘उताऱ्यावर भात नाही म्हणजे मोकळं रान’ असं समजून टाक्यांचे खड्डे खणणारेही.

म्हणून पहिलं काम एकच: सर्व्हे नंबर घालून टीसीपीकडे, म्हणजे नगर नियोजन खात्याकडे, झोनिंग सर्टिफिकेट मागा, आणि त्यासोबत झोनची हद्द दाखवलेला नकाशा मागा. नुसतं सर्टिफिकेट घेऊ नका. कारण झोनची रेष सर्व्हेच्या हद्दीला मान देत नाही. रस्त्यालगतच्या गावांत सेटलमेंटचा, म्हणजे वस्ती-बांधकामाचा, पट्टा रस्त्याकडेने फितीसारखा जातो आणि मागचा भाग ऑर्चर्ड, म्हणजे फळबागेचा झोन, राहतो. सर्टिफिकेटवर लिहून येतं ‘अंशतः सेटलमेंट, अंशतः ऑर्चर्ड’. वाचणारा ‘सेटलमेंट’ एवढंच वाचतो. नकाशा सर्व्हे प्लॅनवर ठेवला की कळतं, २,८०० पैकी सेटलमेंट कदाचित हजार-बाराशेच आहे आणि तेही सगळं पुढे.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. डिचोलीकडच्या एका जागेत माझ्याआधीच्या सल्लागाराने पंप पुढे आणि गाडी धुण्याची शेड मागे काढली होती. दिसायला झकास आराखडा. सेटलमेंटचा पट्टा रस्त्यापासून साधारण पंचवीस मीटर आत जात होता. डिस्पेन्सर (गाडीत इंधन भरायची यंत्रं), टाक्या, ऑफिस सगळं त्यात बसलं. शेड मात्र रेषेच्या पलीकडे, ऑर्चर्डमध्ये. पंप सुरू झाला, शेडही सुरू झाली, दोन पावसाळे काही झालं नाही. मग शेजाऱ्याशी गडग्यावरून वाद झाला आणि त्याने माहिती अधिकारात सगळे नकाशे काढले. शेडला पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खालचा बांधकाम परवाना नव्हता आणि झोनही नव्हता. शेड पाडावी लागली. पण त्याआधी सहा महिने मालक पंपाचे कागद घेऊन प्रत्येक सुनावणीला उभा होता, आणि पंपाचे कागद तर पहिल्यापासून बरोबरच होते.

झोन बदलून घेऊ, असं कोणी सुचवलं तर दोनदा विचार करा. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली आराखड्यातल्या ‘चुका दुरुस्त’ करण्यासाठी २०२३ मध्ये केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले. झोन बदलण्यासाठी २०२४ मध्ये त्याच कायद्यात आलेल्या ३९ए या कलमालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलं. तुमच्या तालुक्यात तर २०२३ साली झोनिंग आराखड्याचा मसुदा आला आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर बाजूला ठेवावा लागला, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. ऑर्चर्डचं सेटलमेंट करून पंप टाकायचा, हा हिशेब बँकेच्या कर्जावर उभा करू नका. जे आज सेटलमेंट किंवा कमर्शियल आहे तेवढ्यात काय बसतं, तेवढंच पाहा.

मागच्या उताराबद्दल दोन शब्द. प्रादेशिक आराखड्यात २५ टक्क्यांहून जास्त उतार, भातशेती, खाजन, खारफुटी, पाणवठे हे इको-१ मध्ये येतात, तिथे काही होत नाही. फळबागा आणि लागवडीखालची जमीन इको-२. तुमच्या जागेत दोन्ही असण्याची शक्यता आहे. शिवाय तुम्ही लिहिलंय की मागचा भाग रस्त्याच्या पातळीपेक्षा दोन मीटर खाली आहे आणि तिथे भराव घालून सपाटी करायची आहे. डोंगर कापणं आणि सखल भाग भरणं या दोन्हींना नगर नियोजन कायद्याच्या १७ए खाली आधी परवानगी लागते. ‘आपल्याच जागेत आपलीच माती’ हे उत्तर तिथे चालत नाही. पेडण्यात महामार्गाच्या कामात निघालेली माती फुकट मिळते म्हणून ट्रक आत घेणारे पुष्कळ झाले, आणि एका फोनवर भरारी पथक दारात आलेलेही पुष्कळ. काजूची झाडं तोडायची असतील तर वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी आधी, करवत नंतर.

आता पंपापुरतं बोलू. इथे गंमत अशी आहे की दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात.

टीसीपी म्हणतं, बांधकाम करायचं तर सेटलमेंटमध्ये या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जानेवारी २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, नवा पंप शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि स्थानिक कायद्याने ठरवलेला निवासी भाग यांच्यापासून ५० मीटर दूर ठेवा. जागेची अडचण असेल तर पेसोने, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, सांगितलेले जादा सुरक्षेचे उपाय करून कमी अंतर चालेल, पण कुठल्याही परिस्थितीत ३० मीटरच्या आत नाही. हरित लवादाच्या आदेशातून हे आलं. इतर राज्यांत निवासी झोन आणि व्यापारी झोन नकाशात वेगवेगळ्या रंगांत असतात. आपल्या गावांत सेटलमेंट म्हणजे घर, दुकान, गॅरेज, चर्च, देऊळ, सगळं एका रंगात. मग सेटलमेंट म्हणजेच ‘निवासी भाग’ का? विरोध करणारा म्हणणार, होय. अर्जदार म्हणणार, नाही, सेटलमेंटमध्ये पंपाला जागा आहे म्हणजेच तो निव्वळ निवासी नाही. मी या वादात पडत नाही. मी टेप काढतो.

अंतर कुठून मोजायचं ते नीट बघा, कारण तिथे पंप वाचतो किंवा बुडतो. मोजमाप जागेच्या हद्दीपासून होत नाही. टाकीत इंधन ओततात तो फिल पॉइंट, वाफ बाहेर जाते तो व्हेंट पाइप आणि डिस्पेन्सर, या तिन्हींत जे सगळ्यात जवळ असेल तिथून. म्हणजे शेजाऱ्याचं घर उत्तरेला असेल तर व्हेंट आणि फिल पॉइंट दक्षिणेच्या कोपऱ्यात घ्या, बारा-पंधरा मीटर तिथेच सुटतात. बऱ्याच ड्राफ्ट्समनना हे माहीत नसतं. ते सवयीने टाकीचं टोक टँकर सहज वळेल त्या बाजूला काढतात आणि मग सगळं पुन्हा आखायला लागतं. तुमच्या स्केचमध्ये शेजारचं घर तुमच्या उत्तर गडग्यापासून अकरा मीटरवर दाखवलंय. ४२ मीटरच्या दर्शनी बाजूत डिस्पेन्सर मध्यावर ठेवलात तर अंतर एकवीस अधिक अकरा, म्हणजे ३२ मीटर. तीसच्या रेषेच्या जेमतेम बाहेर, पन्नासच्या पार आत. डिस्पेन्सर दक्षिणेकडे सरकवले तर चाळिशी ओलांडते. पन्नास गाठायचे तर दक्षिण हद्दीला इतकं चिकटावं लागेल की गाड्यांना वळायला जागा उरणार नाही. म्हणजे तुमची केस ‘३० ते ५० मधली, जादा उपाय करून’ अशीच जाणार, हे आजच समजून चाला. आणि मोजताना शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत न मोजता त्याच्या पडवीच्या वाशापर्यंत मोजा. नंतर वाद होतो तो पडवीवरूनच.

वरून उच्च दाबाची तार जात नाही ना, तेही एकदा मान वर करून पाहा. लोक जमीन पाहतात, आभाळ पाहत नाहीत.

पेट्रोलचा परवाना पेट्रोलियम कायदा १९३४ आणि पेट्रोलियम नियम २००२ खाली पेसो देतं, मुख्य कार्यालय नागपूरला. त्याआधी नियम १४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांची ना हरकत लागते. त्यासाठी ते पोलीस, अग्निशमन, टीसीपी, पीडब्ल्यूडी, मामलेदार, पंचायत यांचे अहवाल मागवतात. नियमात तीन महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. ती आठवण करून द्यायला अर्जात लिहून ठेवावी, तीवर कॅलेंडर मात्र आखू नये. तेल कंपनीचं पत्र, ज्याला सगळे एलओआय म्हणतात, ते परवानगी नाही. ‘तू कागद आण, मग आम्ही पंप देतो’ एवढाच त्याचा अर्थ. आणि सरपंचांची ना हरकत ही सहाव्या अहवालातली एक ओळ आहे. ती हवीच, पण तिच्यावर काही उभं राहत नाही.

महामार्गाचं प्रकरण स्वतंत्र. ६६ वर गाडी आत घ्यायची आणि बाहेर काढायची परवानगी केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या नियमांनी, आपल्याकडे पीडब्ल्यूडीच्या राष्ट्रीय महामार्ग विभागामार्फत मिळते. मोकळ्या पट्ट्यात दर्शनी बाजू किमान ३५ मीटर लागते. तुमची ४२ आहे म्हणून मी पुढे बोलतोय, नाहीतर इथेच थांबलो असतो. रस्त्याच्या एकाच बाजूला दोन पंपांमध्ये मोकळ्या भागात साधारण एक किलोमीटर आणि शहरी किंवा डोंगराळ भागात ३०० मीटर अंतर हवं. अंतर कमी असेल तर पंपांना सामायिक सर्व्हिस रोड जोडावा लागतो. गाडी वेग कमी करत आत यायची आणि वेग घेत बाहेर पडायची लांब लेन तुमच्या खर्चाने. दुभाजक तोडून समोरच्या दिशेच्या गाड्या आत घ्यायला मिळत नाहीत. मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तुमच्याकडच्या पंपांचा सगळा हिशेब टॅक्सींवर मांडला जातो. तुमची बाजू विमानतळावरून येणाऱ्या गाड्यांची की जाणाऱ्यांची, हे आधी ठरवा. दिवसाला किती गाड्या, हा आकडा त्यानंतर.

आणि रुंदीकरणाच्या भूसंपादनात दर्शनी पट्टा गेलाय का ते तपासा. उताऱ्यावर ४२ मीटर आणि २,८०० चौरस मीटर दिसतात ते संपादनाआधीचे असू शकतात. भूमापन खात्याकडून हद्द नव्याने आखून घ्या, खुंट्या डोळ्यांसमोर ठोकून घ्या.

या सगळ्यातून गेल्यावर येते ती सनद. महसूल संहिता १९६८ च्या कलम ३२ खाली शेतीचा वापर बिगरशेती करण्याचा कागद. इथे लोक जी चूक करतात ती फार साधी आहे. सनदेच्या अर्जात वापराचा हेतू लिहायचा असतो. घाईत ‘पेट्रोल पंप’ एवढंच लिहितात, आणि क्षेत्रही पंपापुरतंच देतात, शुल्क वाचावं म्हणून. मग कॅफे उभा राहतो तो सनदेबाहेरच्या मातीवर. व्यापारी वापर लिहा, आणि जेवढ्यावर खरोखर काही करणार तेवढं सगळं क्षेत्र अर्जात घ्या. शुल्क एकदाच जातं. पुन्हा अर्ज केलात तर तेच शुल्क नव्या दराने जातं आणि एक वर्ष जातं ते वेगळं.

आता तुमच्या यादीतले धंदे. पेसोच्या नकाशात परवान्याखालचं आवार एका रेषेने बंद केलेलं असतं, आणि त्याच्या आत डिस्पेन्सर, व्हेंट, फिल पॉइंट यांच्याभोवती धोक्याचा भाग आखलेला असतो. सगळं कोडं या रेषेत आहे. रेषेच्या आत तुम्ही काहीही लावलंत तर ते पेट्रोलच्या कायद्याखाली येतं, बाहेर लावलंत तर टीसीपी-पंचायतीच्या कायद्याखाली. आत-बाहेर अर्धं अर्धं, हे सगळ्यात वाईट. मी नेहमी नकाशावर आधी ती रेष आवळून घेतो, पंपाला लागेल तेवढीच जागा आत, आणि उरलेली बाहेर ठेवतो. तेल कंपनीला सगळी जागा परवान्यात घ्यायची असते, त्यांना सोपं पडतं. तुम्हाला पुढे प्रत्येक टपरीला त्यांची आणि पेसोची मंजुरी मागत बसावं लागतं. भाडेपट्टा करण्याआधी यावर बोलून घ्या. पट्टा किमान १९ वर्षं ११ महिन्यांचा असतो, त्या काळात मुलं मोठी होऊन त्यांचीही मुलं होतात.

स्टोअर. बिस्किटं, पाणी, इंजिन ऑईल, वायपर, यांचं छोटं दुकान विक्री इमारतीतच बसवतात, बहुतेक कंपन्यांच्या ठरलेल्या नकाशात त्याची खोली असते. हे सगळ्यात सोपं. तरी नकाशात ‘ऑफिस’ लिहून आत दुकान काढू नका. नकाशात जे लिहिलंय तेच असू द्या. पंचायतीचा व्यापार परवाना आणि दुकाने-आस्थापना नोंदणी वेगळी लागेल.

कॅफे. माझ्या मते त्रास सगळ्यात जास्त याचाच, पंपापेक्षाही. कारण कॅफे म्हणजे आग. चहाच्या टपरीतली शेगडी ही उघडी ज्योतच, आणि व्हेंट पाइपच्या वाऱ्याच्या दिशेला ती असेल तर कुठलाही तपासनीस फाईल खाली ठेवेल. पेडण्यात पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. व्हेंट नैर्ऋत्येला आणि स्वयंपाकघर ईशान्येला, ही मांडणी मी दोनदा पाहिलीय, दोन्हीदा मालकाला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून कॅफे परवान्याच्या रेषेबाहेर, वेगळ्या फाटकाने, स्वतःच्या पार्किंगसह. सिलिंडरचा साठा १०० किलोच्या वर गेला की त्याचाही परवाना लागतो, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर ही हद्द, सहावा आला की तुम्ही नियमाबाहेर. अन्न परवाना, आरोग्य खात्याची ना हरकत, अग्निशमन हे नेहमीचं. पण मुळात, तुमच्या केसमध्ये, कॅफेची जागा झोनच्या रेषेच्या अलीकडे येते का? तुमच्या स्केचप्रमाणे तो ‘मागे, काजूच्या सावलीत’ आहे. सावली ऑर्चर्डची असेल तर कॅफे होणार नाही. पुढे आणायला जागा उरते का ते नकाशा आल्यावर बघू. नाही उरली तर कॅफे सोडा, पंप सोडू नका.

गाड्या धुणं. पाणी कुठून आणि पाणी कुठे, एवढे दोनच प्रश्न. बोअरवेलला भूजल नियमन कायदा २००२ खाली जलस्रोत खात्याची परवानगी. आणि धुतलेलं पाणी, त्यात ग्रीस, साबण, डिझेलचा ओघळ, हे तुमच्या उतारावरून सरळ खालच्या शेतात जाणार. आपला चिऱ्याचा दगड स्पंजासारखा आहे. वर सांडलेलं तेल शेजारच्या विहिरीत निघायला वेळ लागत नाही, आणि एकदा निघालं की विहीर वर्षानुवर्षं वास सोडत नाही. तेल वेगळं करणारी टाकी, गाळाची टाकी आणि शोषखड्डा उताराच्या उलट बाजूला, हे नकाशात दाखवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती त्याशिवाय मिळणार नाही. खालच्या शेतकऱ्याशी आधीच जाऊन बोला. तो तुमच्या घरातला असेल तर आणखीनच आधी.

चार्जिंगला वेगळा वीज परवाना लागत नाही, पण जोडणी स्वतंत्र घ्या आणि चार्जर धोक्याच्या भागाबाहेर ठेवा. साध्या स्विचमधली ठिणगीही आतमध्ये चालत नाही, तिथली सगळी वीज-उपकरणं स्फोटरोधक लागतात. चार्जिंगच्या गाड्या अर्धा-पाऊण तास उभ्या राहतात, त्या कॅफेच्या बाजूला असल्या तर धंदाही होतो. २०१९ च्या केंद्रीय धोरणाखाली ज्या कंपन्यांनी इंधनविक्रीची नवी परवानगी घेतलीय, त्यांच्या नव्या पंपांवर तीन वर्षांत चार्जिंग किंवा सीएनजीसारखं एखादं पर्यायी इंधन लावणं बंधनकारक आहे. तुमची कंपनी त्यातली असेल तर चार्जरचा खर्च तिच्याकडेच मागा. पीयूसीला एक छोटी खोली आणि वाहतूक खात्याची मान्यता, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

बार. नको. १५ डिसेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महामार्गापासून ५०० मीटरची रेष आखली, मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ती २२० मीटर झाली. पुढे पालिका आणि पंचायतींच्या भागांबाबत खुलासे आले, तेव्हा गोव्यातले बंद पडलेले बार पुन्हा उघडले. तो इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याच गावातले दोन बंद झाले होते. पण महामार्गाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी जिथे लोक गाडीत बसून येतात आणि गाडीत बसून जातात, जिथे पेट्रोल आहे, तिथे दारूचा अर्ज टाकला की तुमच्या सगळ्या फायलीकडे बघण्याची नजर बदलते. जिल्हाधिकारी कार्यालयात, अग्निशमनकडे, ग्रामसभेतही. एका अर्जासाठी बाकीचे सहा अर्ज का संशयाखाली आणायचे?

जमिनीचे मालक किती, हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, पण मला ते सगळ्यात वरचं वाटतं. तीन भाऊ, एक बहीण सावंतवाडीला दिलेली. आपल्याकडच्या नागरी कायद्यात बहिणीचा वाटा भावाएवढाच, आणि लग्नाबरोबर संपत्ती सामायिक होते, म्हणून तिन्ही वहिनींच्या सह्या लागतील. बहिणीची लागेलच, तिचं लग्न गोव्यात नोंदलेलं असेल तर मेव्हण्यांचीही. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, झालीय का? वडील गेल्यावर उताऱ्यावर फक्त नावं चढवली असतील तर तो हक्काचा पुरावा पुरेसा नाही, तेल कंपनीचा वकील परत पाठवेल. आणि एक-चौदामधला कुळाचा रकाना पाहा. तिथे एखादं जुनं नाव पेन्सिलीने खोडल्यासारखं दिसत असेल तर खोडलंय असं धरू नका, मामलेदाराचा आदेश दाखवा. कुळकायद्याने कुळाकडे गेलेली जमीन बिगरशेतीला वापरता येत नाही, १९९१ चा कायदा त्यासाठीच आहे. जागेत मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या संमतीने तिथे घर करून राहणाऱ्याचं, घर असेल तर त्याला घराभोवतीच्या जागेचाही हक्क असतो, तो आधी मोकळा करा.

राहिली तुमच्या चुलतभावाची पंक्चरची टपरी. ती तुमच्या जागेच्या दारात, वडाखाली आहे असं तुम्ही लिहिलंय. वड तुमचा आहे, पण टपरी बहुधा रस्त्याच्या हद्दीत आहे. प्रवेश परवानगीची पाहणी होते तेव्हा अभियंता पहिला फोटो दर्शनी बाजूचाच काढतो. त्यात टपरी दिसली तर ‘अतिक्रमण हटवा, मग अर्ज करा’ एवढाच शेरा येतो. त्याला उठवण्याआधी आत जागा द्या. पीयूसीच्या खोलीशेजारी तीन बाय तीन मीटरची खोली नकाशात आत्ताच दाखवा, ‘हवा व पंक्चर’ असं लिहून, परवान्याच्या रेषेबाहेर. पंपावर मोफत हवा द्यावीच लागते, तिथे माणूस लागतोच. तो टायर खोलतो कसा ते मी पाहिलंय, म्हापशाहून जाताना माझ्याही गाडीचं एकदा त्यानेच केलं होतं.

झोनिंग सर्टिफिकेट आणि नकाशा हातात आला की दोन्हींची प्रत, आखणीचा नवा प्लॅन आणि इन्व्हेंटरीचा आदेश घेऊन या. स्केच आणू नका, ते मी नव्याने काढतो.